काटा, बिल्टी आणि बेनापोल

पहाटे ५

संत्र्याची गाडी काट्यावर घालायची तर पहाटेच. उजाडलं की कापसाच्या आणि मक्याच्या गाड्या रांगेत लागतात, तासभर तिथंच जातो, आणि ऊन चढलं की कॅरेटमधल्या फळाला घाम सुटतो. असं एक फळ बिघडलं की तीन दिवसांच्या रस्त्यात शेजारची चार घेऊन बुडतं.

पांढुर्ण्याच्या हायवेलगतचा हा धर्मकाटा खासगी आहे. दहा चाकी गाडी उभी राहते आणि आतल्या लाल आकड्यांकडे सगळे बघतात. गाडी आणि माल मिळून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालतं. २०१८ पर्यंत ही मर्यादा २५ टनांची होती. काटेवाले मामा आकडा टिपून घेतात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघतात.

"भाऊ, रिकाम्या गाडीचं वजन कालचं हाय न? त्याच्यानंतर डिझल किती टाकलं यानं?"

ड्रायव्हर म्हणतो, दोनशे लिटर. म्हणजे पावणेदोनशे किलोच्या आतबाहेर. मामा तेवढं वजा करतात. मग कॅरेटचं वजन. कोरडं कॅरेट आणि रात्रीच्या दवात भिजलेलं कॅरेट सारखं भरत नाही, म्हणून पाच-सात कॅरेट छोट्या काट्यावर ठेवून सरासरी काढायची. हा खटाटोप चिकटपणा म्हणून करत नाही. तीन दिवसांनी तेराशे किलोमीटरवर, बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डात, दुसऱ्याच माणसाचा काटा हेच फळ तोलणार असतो. तोवर फळ सुकलेलं असतं. किती तूट धरायची हे आधीच फोनवर ठरलेलं असतं. त्यापेक्षा जास्त निघाली तर भांडण माझ्या दारात येतं.

चिठ्ठी निघते. तिचा फोटो सीमेजवळच्या बनगावच्या एजंटाला जातो, तिथून ढाक्याच्या खरेदीदाराला. या चिठ्ठीवर कुठल्या सरकारचा शिक्का नाही. तरी ती दोन देशांत चालते, कारण मामांच्या काट्यावर तूट निघाली असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

सकाळी ७

नोव्हेंबर म्हणजे आंबिया बहाराची तोडणी. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली झाडं आता उतरतात. मृगाचं फळ पुढं फेब्रुवारी-मार्चात येईल. बगीचे बहुतेक उक्तेच विकले जातात: व्यापारी झाडं बघतो, फळाचा अंदाज बांधतो, एक रक्कम ठरते, इसार हातावर पडतो, आणि त्यानंतर गारपीट झाली तर कुणाची यावरून दोन्हीकडचे लोक पुढची पाच वर्षं बोलत राहतात.

मला बगीच्यात जायचं तसं काही काम नसतं. गाडी कुठवर आत येते आणि वाटेत नाल्यावर फसते का, एवढं बघायचं. पण म्हाताऱ्या काकांनी चहाला थांबवलं की थांबावं लागतं.

"बांगल्याले जाऊन राह्यला का माल?"

"एक गाडी गेली काका. उद्याचं संध्याकाळी कळन."

"मंग भाव कावून पडला म्हणतात?"

उत्तर सोपं नाही. पांढुर्णा आणि सौंसरच्या संत्र्याचा भाव इथं ठरत नाही, नागपूरच्या कळमना बाजारातही पूर्ण ठरत नाही. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड आणि आम्ही, या सगळ्या पट्ट्याचं फळ एकाच वेळी झाडावर असतं. त्यातलं बारीक फळ, जे दिल्लीचा ग्राहक हातात घेऊन परत ठेवतो, ते बांगलादेशात खपायचं. तो नळ बारीक झाला की सगळं फळ देशातल्याच मंड्यांवर येऊन पडतं, आणि ज्याचा माल सीमेकडे कधीच गेला नाही त्याचाही भाव उतरतो.

फळ बगीच्यातून ग्रेडिंगला जातं. धुणं, बुरशीनाशकाचं पाणी, मेणाचा पातळ थर, पंख्याखाली सुकवणं, मग पट्ट्यावरून आकाराप्रमाणे वेगळं होणं. हे प्लांट व्यापाऱ्यांचे आहेत. छिंदवाड्याच्या प्रशासनानं इथल्या फळाला 'सतपुडा ऑरेंज' असं नाव दिलं. चांगलं केलं, पेटीवर छान दिसतं. फळ आठवडाभर जास्त टिकतं ते मात्र मेणामुळे.

सकाळी ९.३०

ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, प्रिंटर आणि भिंतीवर जामसावळीच्या हनुमानाचं कॅलेंडर. बिल्टी हातानं लिहायची सवय अजून सुटत नाही. कार्बनची प्रत ड्रायव्हरला धीर देते, छापील देत नाही.

ताज्या फळावर जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही लागत नाही. गंमत अशी की भरलेली गाडी बिनधास्त जाते आणि परत येणारी रिकामी कॅरेट अडतात. कॅरेट ही वस्तू आहे, तिला कर आहे, आणि ती विकलेली नसून परत येते आहे हे रात्री दोन वाजता उभ्या केलेल्या माणसाला पटवायला चलन लागतं. ते चलन जाताना गाडीतच ठेवायचं. नवीन पोरगं कामाला लागलं की मी त्याला हीच गोष्ट आधी शिकवतो.

निर्यातीचं बाकीचं बाड ठरलेलं आहे: आयात-निर्यात कोड, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र (सगळे त्याला 'फायटो' म्हणतात), मूळ देशाचा दाखला. शिपिंग बिल कस्टमच्या पोर्टलवर पेट्रापोलच्या सीमेवरचा एजंट भरतो. मी इथून कागद पाठवायचे, त्यानं तिथं भरायचे. मी त्याला कधी समोरासमोर पाहिलेलं नाही, आणि माझ्या भावाचे जितके पैसे माझ्याकडे अडकले असतील त्याहून जास्त त्याचे अडकलेले असतात.

आजची गाडी निघाली. आता तिचा पुढचा फोन, आलाच तर, केळवदच्या नाक्यावरून.

सकाळी ११

फोन आलाच नाही. म्हणजे गाडी केळवद ओलांडून गेली. ड्रायव्हर थांबवला गेला तरच फोन करतो.

नवीन पोरांना यात काही विशेष वाटत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. पांढुर्ण्याचा माणूस कोर्टात, कॉलेजात, दवाखान्यात आणि बाजारात नागपूरलाच जायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आमची भाषा, सोयरीक आणि बाजार रेषेच्या त्या बाजूला, जमीन आणि तहसील या बाजूला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा. बाजार अजूनही त्या बाजूलाच आहे. बाहेरच्याला पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते. ती वर्षातून एकदा असते. नाका रोज होता.

विक्रीकराचा नाका, आरटीओचा नाका, नागपूरच्या वेशीवर २०१३ पर्यंत जकात. मध्य प्रदेशात माल आणायचा तर फॉर्म ४९. माझ्या आधीच्या पिढीतल्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गाडीच्या भाड्यात 'रस्ता खर्च' नावाचा वेगळा रकाना असायचा. त्यात काय काय असतं हे कुणी कुणाला विचारत नसे.

मग खासगी कंपन्या आल्या. २००९ मध्ये महाराष्ट्रानं सीमेवरचे बावीस तपासणी नाके आधुनिक करायला बीओटीवर दिले. 'सद्भाव'च्या गटातल्या कंपनीनं ते बांधले, त्यातला एक आमच्या रस्त्यावरचा केळवदचा. मध्य प्रदेशानंही आपले एकात्मिक नाके याच पद्धतीनं बांधून घेतले. सौंसरकडून जाणाऱ्या रस्त्यावर सातनूरचा नाका होताच. काटे इलेक्ट्रॉनिक झाले, पावती छापील झाली, लेन वेगळ्या झाल्या. आणि प्रत्येक जड वाहनामागे सेवाशुल्क सुरू झालं. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटनांचं म्हणणं साधं होतं: सेवा कुणी मागितली होती?

माझं मत थोडं वेगळं आहे. काटा खासगी माणसाचा असला तरी हरकत नाही. पहाटेचा काटा खासगीच आहे. मामांच्या काट्यावर मी माझ्या मर्जीनं जातो, आणि तो खोटा निघाला तर उद्या दुसऱ्याच्या काट्यावर जाईन. नाक्यावरच्या काट्याला ही भीती नव्हती. रस्ता एकच, काटा एकच. त्यात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके रातोरात गेले. ज्या कामासाठी नाका बांधला त्यातलं अर्धं कामच संपलं, आणि करार मात्र पंचवीस वर्षांच्या हिशेबानं केलेला. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशानं परिवहनचे नाके बंद केले. २०२५ मध्ये महाराष्ट्रानंही बंद करायचं ठरवलं, तेव्हा कंत्राटदाराला पाचशे कोटींवर भरपाई द्यावी लागेल असा हिशेब बाहेर आला. म्हणजे दार बसवायचे पैसे गाडीवाल्यानं दिले आणि दार काढायचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे.

रस्ता खऱ्या अर्थानं ज्यानं मोकळा केला तेही मिश्र रक्ताचंच आहे. जीएसटीचं पोर्टल चालवणारी कंपनी २०१३ मध्ये निघाली तेव्हा तिच्यात ५१ टक्के वाटा बँका आणि वित्तसंस्थांचा होता, सरकारं अल्पमतात, सॉफ्टवेअर इन्फोसिसचं. पुढं २०१८ मध्ये ती पूर्ण सरकारी करायचं ठरलं. फास्टॅग बँका देतात. या गोष्टी चालल्या, कारण त्यांनी गाडी न थांबवता काम केलं.

दुपारी १२.३०

सौंसरला निघतो. तासाभराची वाट, दोन्ही बाजूला बगीचे आणि कपाशी. डबा गाडीतच.

सौंसरचं काम वेगळ्या जातीचं आहे. बोरगावच्या औद्योगिक पट्ट्यात रेमंडचा कारखाना १९९१ पासून आहे. सुटिंगचं कापड देशभर आणि बाहेरही जातं. गोवारी-वढोण्याला मॉइलची मँगनीजची खाण. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत इथल्या खडकांना सौंसरचंच नाव आहे, हे गावात फारसं कुणाला माहीत नसतं. असतं तरी भाड्यात फरक पडत नाही. कारखान्याचा माल आठवड्याचा आठवडा आधी सांगून येतो, कागद त्यांचा माणूस करतो, गाडी वेळेवर लागली की झालं. कापड सडत नाही. संत्र्याचं काम करणाऱ्याला या धंद्याचा हेवा वाटतो.

इथं एका व्यापाऱ्याकडे बसतो. त्याला दुबईला कंटेनर पाठवायचा आहे, आणि बांगलादेशाचं नाव काढलं की तो हात जोडतो.

दुपारी २

दुबईचं वेड नवीन नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्याचा पहिला रीफर कंटेनर वाशीहून दुबईला रवाना झाला, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. मे २०२२ मध्ये अमिरातीशी व्यापार करार लागू झाला. नागपूरहून न्हावाशेव्याला कंटेनर पोचतो, आणि तिथं कंटेनर उचलणारे हात बव्हंशी खासगी आहेत: १९९९ मध्ये सुरू झालेलं तिथलं पहिलं खासगी टर्मिनल आज दुबईच्याच डीपी वर्ल्डकडे आहे, आणि पलीकडे जेबेल अलीलाही तीच कंपनी. इथला क्रेनवाला आणि तिथला क्रेनवाला एकाच मालकाचे. आमच्या शेतकऱ्याच्या फळाला याहून सरळ वाट मिळणं कठीण.

"मंग अडचण काय हाय?" व्यापारी विचारतो.

अडचण फळाची आहे. आपलं संत्र सैल सालीचं, बियांचं, चवीला राजा आणि प्रवासाला नाजूक. सहा-सात अंशांवर राहिलं पाहिजे. वाटेत एकदा वीज गेली की साल फुगते. दुबईच्या दुकानात त्याच्या शेजारी इजिप्तचं संत्र असतं, घट्ट सालीचं. ते सफागाहून फेरीनं लाल समुद्र ओलांडून सौदीच्या दुबा बंदरात (दुबई नव्हे, दुबा) उतरतं आणि ट्रकनं आखातात येतं.

त्या ट्रकवाल्यांचं मी मुद्दाम वाचत असतो, कारण त्यांचं दुखणं आमच्या दुखण्याच्या अगदी उलट आहे. अरब देशांनी आपसातला मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९८ ला लागू केला आणि २००५ पर्यंत एकमेकांच्या मालावरचं सीमाशुल्क शून्यावर आणलं. आखातातल्या सहा देशांनी तर २००३ मध्ये सीमाशुल्क संघच केला. भाषा एक, शुल्क शून्य. तरी त्यांच्या एकूण व्यापारातला आपसातला वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. २००९ च्या जूनमध्ये अमिराती आणि सौदीच्या सीमेवर, घुवैफातला, सौदीच्या बाजूची तपासणी कडक झाली आणि ट्रकांची रांग वाळवंटात कित्येक किलोमीटर गेली. ड्रायव्हर उन्हात दिवसचे दिवस अडकले. कर नव्हता, पण प्रत्येक सीमेवर माल उघडायचा, मोजायचा, कागद परत लिहायचे, आणि हा माल खरंच पुढं जाईल याची हमी नव्या देशाला पुन्हा द्यायची.

त्यावर जो इलाज लागू पडतो तो एकट्या सरकारांच्या हातातला नाही. वाहतूकदारांची जागतिक संघटना, जिनिव्हाची आयआरयू, चालवते ती टीआयआर नावाची जुनी व्यवस्था आहे. गाडी निघताना सील होते. वाटेतल्या देशांचा कर बुडालाच तर तो भरायची हमी वाहतूकदारांची संघटना घेते. मग मधल्या सीमेवर कस्टमनं फक्त सील बघायचं. कतार, सौदी, ओमान एकामागून एक त्यात आले. भारतही २०१७ मध्ये आला. आपल्याकडे ही हमी देणारी संस्था फिक्की, म्हणजे उद्योगपतींचीच संघटना.

मी व्यापाऱ्याला एवढं सगळं सांगत नाही. त्याला सांगतो, अर्धा कंटेनर मोठ्या फळाचा कर, बारीक फळ त्यात घालू नको, आणि पहिल्या कंटेनरात नफा धरू नको.

"आन् बारक्या फळाचं काय करू?"

पुन्हा गाडी बांगलादेशावर येते.

संध्याकाळी ४.३०

पांढुर्ण्यात परत. बनगावच्या एजंटाचा, म्हणजे दादांचा, फोन याच वेळी येतो. ते हिंदीत बंगाली मिसळतात, मी हिंदीत वऱ्हाडी. आकडे दोघांचे नीट असतात.

पेट्रापोल-बेनापोल ही आपल्या बांगलादेश सीमेवरची सगळ्यात मोठी जमिनीवरची वाट. पूर्वी तिथली रांग ऐकून अंगावर काटा यायचा: गाड्या बनगावच्या पार्किंगांत आठवडेच्या आठवडे उभ्या, पार्किंगचं भाडं चढतंय, नंबर कुणाचा पुढं सरकतोय आणि का, ते सांगणारा कुणी नाही. २०१६ मध्ये एकात्मिक तपासणी नाका झाला. २०२२ मध्ये पश्चिम बंगालनं 'सुविधा' नावाची ऑनलाइन नोंदणी आणली. गाडीचा नंबर टाकायचा, दिवस मिळवायचा, त्या दिवशी सीमेवर जायचं. नाशवंत मालाला आधी वाट मिळते. अजूनही भारतीय ट्रक बेनापोलच्या यार्डात जाऊन रिकामा होतो, फळ तिथल्या ट्रकात चढतं, हमाल बदलतात, काटा बदलतो. टीआयआरचं सील इथं कामाचं नाही. पण रांग आता मोजता येते. बगीच्यातली तोडणी मी त्या स्लॉटच्या तारखेवरून मागं मोजून ठरवतो: तीन दिवस रस्ता, एक दिवस ग्रेडिंग, एक दिवस हातचा.

दादा आज रांगेबद्दल एक शब्द बोलत नाहीत. ते शुल्काबद्दल बोलतात.

२०१९ मध्ये बांगलादेशात संत्र्यावर किलोमागे २० रुपये आयात शुल्क होतं. दरवर्षी चढत ते २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. बगीच्यात त्याच फळाला शेतकऱ्याला मिळणारा भाव बहुतेक हंगामांत याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मे २०२२ मध्ये ढाक्यानं फळांना चैनीच्या वस्तूंच्या रांगेत बसवून नियामक शुल्क वाढवलं, कारण त्यांचे डॉलर आटत होते. आयातदाराला बँक एलसी, म्हणजे पैशांची हमी, उघडून देईना. जुलै २०२३ मध्ये रुपयांत व्यवहाराची सोय झाली, आपल्याकडून स्टेट बँक आणि आयसीआयसीआय, तिकडून सोनाली आणि ईस्टर्न. पण रुपये तरी तिकडच्या व्यापाऱ्याकडे कुठून येणार, त्यांचा माल इकडे फार येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क २० टक्क्यांवरून ३० झालं. तिथल्या फळ आयातदारांच्या संघटनेनं बंदरावरचा माल उचलणार नाही म्हणून धमकावलं, रमजान तोंडावर होता, आणि मार्चमध्ये ते २५ वर आलं. आमच्या बाजूनं एवढं कुणी केलं असतं का, हा प्रश्न मी दादांना विचारत नाही.

महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या संत्रा निर्यातीसाठी शुल्काचा निम्मा भार उचलायचं जाहीर केलं होतं, १६९ कोटी ६० लाखांची तरतूद. नरखेडच्या बगीच्याला ते लागू, पांढुर्ण्याच्या बगीच्याला नाही. झाडं एकाच रोपवाटिकेतली, गाडी एकाच रस्त्यानं जाणारी, ढाक्यात पेटी एकाच ढिगात. त्या हिवाळ्यात पांढुर्ण्याचा माल नरखेडच्या नावानं जाऊ शकतो का, असं मला अनेकांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माझी बिल्टी खोटी निघाली तर मामांची चिठ्ठीही खोटी ठरते, आणि मग बनगावचे दादा माझ्या फोटोवर माल सोडणार नाहीत.

अरबांचं शुल्क गेलं आणि रांग राहिली. आमची रांग बरीचशी आटोक्यात आली आणि शुल्क चढत गेलं. रांगेवर आमच्यासारखी माणसं काहीतरी करू शकतात: काटा खरा ठेवणं, स्लॉट वेळेत घेणं, एकमेकांचे पैसे आठ-पंधरा दिवस थांबवून धरणं. शुल्कावर यातलं एकही चालत नाही. ढाक्यात एक परिपत्रक निघतं आणि सौंसरच्या बगीच्यातली बारीक फळं झाडावरच राहतात.

संध्याकाळी ६.३०

हिशेबाची वेळ. हमालांची मजुरी रोखीनं, आजची आजच. काट्याचे पैसे महिन्याचे. ड्रायव्हरच्या फास्टॅगमध्ये शिल्लक आहे का ते फोनवर बघायचं. रायपूरच्या पुढं संबलपूरकडे जाताना टॅग रिकामा झाला तर टोलला जास्त पैसे लागतात आणि ड्रायव्हर ते माझ्याकडूनच मागतो. गेल्या आठवड्याच्या गाडीचे पैसे आले का? बँकेतली बाई सांगते, एलसीत फळाच्या वर्णनात दोन शब्द जास्त आहेत, दुरुस्ती मागवावी लागेल. इनव्हॉइसवर 'ताजी नागपुरी संत्री', एलसीवर 'ताजी नागपुरी संत्री, मेण लावलेली'. फळ तर बांगलादेशात खाऊनही झालं असेल.

रात्री ८

ढाक्याच्या खरेदीदाराचा निरोप दादांमार्फत येतो. उद्यासाठी चार गाड्यांची बोलणी होती. त्याला आता एकच हवी आहे, तीही मध्यम फळाची. तिथल्या बाजारात चीनचा छोटा मँडरीन उतरला आहे आणि किरकोळवाले हात आखडून आहेत.

मी बगीच्यातल्या काकांच्या मुलाला फोन लावतो.

"गाड्या लागणार का भाऊ उद्या?"

"लागतीन. एक बनगावची. बाकीच्या आझादपूरच्या."

"दिल्लीले बारकं फळ कोण घेते?"

"बारकं तोडूच नको उद्या. मोठं आन् मधलं तोड. बारक्याचं मी जूसवाल्याशी बोलतो सकाळी."

तो जरा वेळ काही बोलत नाही. मग विचारतो, "जूसवाला वजनानं घेते का नगानं?"

"वजनानं. काटा मामांचाच. पण फळ त्याच्या दारात पोचवून द्या लागते, भाडं आपलं."

मग आझादपूरच्या तीन बिल्ट्या लिहायला घेतो. दिल्लीच्या गाड्यांना फायटो लागत नाही, शिपिंग बिल लागत नाही. मुलताई, बैतूल, भोपाळकरून गाडी वर जाते आणि परवा पहाटे मंडीत उभी राहते. काम निम्मं, कमिशनही निम्मं. बनगावच्या गाडीसाठी दादांना स्लॉटची तारीख विचारून ठेवतो, आणि पोरग्याला सांगतो, कॅरेटचं चलन आजच काढून ठेव.